वास येतो का

दुकानदार म्हणाला, रंगीत वाळू घ्या, शोभेल.
मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली.
कारखान्यातली सवय,
पिंपावर कवटी असो नसो, आधी लेबल.
वाळू किड्यांसोबत पोटात जाते
आणि बसते तिथेच. नको.
लॉबीच्या कामातून उरलेल्या खरखरीत फरश्या
वॉचमनने दिल्या चार. त्या बऱ्या.
नखं झिजतील, पुसताही येतील.

निहाराने मार्केटातून हापूसची रिकामी पेटी आणली.
"फुकट मिळाली बाबा, घर होईल ना?"
देवदार आहे गं. ऊब लागली की राळ सुटते,
आणि आपण तर वर दिवा लावणार, दिवसभर.
माणूस खिडकी उघडतो.
सरड्याने काय उघडायचं?

ऐरोलीच्या खाडीकाठी एक ओंडका होता,
भरतीने घासून घासून गुळगुळीत,
बघताच हात जावा असा.
गेलेला हात मी मागे घेतला.
त्या पाण्यात वरून काय काय येतं
ते मला तोंडपाठ आहे, वारानुसार.

शेवटी घणसोलीच्या दमयंतीआत्याने
पेरूची फांदी दिली, वाकडी, औषध न मारलेली.
अंघोळीच्या पातेल्यात मावेना,
म्हणून दोन खेपांत उकळली,
अर्धी या टोकाने, अर्धी त्या.
घरभर म्हणे पेरूचा वास सुटला होता.
म्हणे.

अठरा वर्षं रबाळ्याला, रंगाच्या खात्यात.
थिनर आधी डोक्यात जायचा, मग डब्यात,
मग कशातच नाही.
बायको ओरडते, भाजी करपली,
मी शेगडीशेजारी उभा असतो.

काचांच्या सांध्यात सिलिकॉन भरलं,
बुरशीचं औषध नसलेलं, चार दुकानं फिरून.
ट्यूबवर लिहिलेलं: वास पूर्ण गेला की सुकलं समजा.
वाक्य तीनदा वाचलं.
मग हाक मारली.

निहारा पेटीत डोकं घालते.
वास येतो का?
"येतो. चायनीजच्या गाडीवरच्या
मिरचीच्या बाटलीसारखा."
दुसऱ्या दिवशी, येतो, थोडा.
तिसऱ्या दिवशी, कोपऱ्यात येतो.
तोवर भाकर
(उन्हात चपटा होऊन पसरतो, म्हणून भाकर)
टबात कागदावर बसून
एका डोळ्याने माझ्याकडे बघतो.

समोरचे वैती हसले,
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, एवढं काय त्यात?
तेच तर.
धाव तिथवरच, म्हणून तर कुंपण कशाचं
हे कुणीतरी विचारायला हवं.
आमच्या शेडचे पत्रे कशाचे होते
कुणी हुंगून बघितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने चारही कोपरे हुंगले.
"गेला."
मी झाकण बसवायला वाकलो तर थबकली.
"नाही, येतोय. थांबा.
बाबा, तुमच्या शर्टाचा आहे."

शर्ट काढला, बाल्कनीत टाकला.
कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले,
उघड्या अंगानेच भाकरला उचललं.
त्याने जीभ काढली,
माझ्या मनगटाला लावली,
थांबला.
पुन्हा लावली.