ओढून पाहणं

पोशा नाखवा म्हणाला, टेप मार, पहाटे निघायचंय.
खलीलमिस्त्रींनी जुना जोड नखाने सोलला.
आतलं तांबं हिरवं,
कल्हई उडालेल्या पातेल्यातल्या ताकागत.
"वातीतून तेल चढतं ना,
तसं खारं पाणी चढतं वायरीत."

कल्हई केलेली वायर. नवी लग. पक्कड करकचून.
मग ओढलं, पाय रोवून.
"इथं सुटला तर शिवी देऊ.
चाळीस वाव पाण्यावर सुटला
तर पंप थांबतो,
पाणी थांबत नाही."

डोलकाठीवरचा जोड मला करू दिला.
नळी तापली, काठावर डिंक फुगला.

पहाटे ससून डॉकवरून बोट सुटली.
दिवा प्राँग्जच्या दीपस्तंभापर्यंत दिसत होता.
लुकलुकला एकदाच,
की माझीच पापणी लवली.

अंगठ्याला डिंक अजून आहे.