खडक नसलेल्या गावात

रविवारच्या मिस्सानंतर, चर्चच्या मागच्या पडवीत
अकरा मुलं, एक तडकलेला फळा
आणि मत्तयचा सातवा अध्याय.
खडकावर घर बांधणारा शहाणा, वाळूवर बांधणारा मूर्ख.
पाऊस, पूर, वारा मी हातांनी करून दाखवत होते, नेहमीसारखी,
तेवढ्यात इनास लुद्रिकची धाकटी, आठ वर्षांची आन्सेल्मा,
पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली,
"टीचर, मगे आमी खुळे?"

कोणी हसलं नाही.
देवबागात हसण्यासारखं नव्हतंच ते.
पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली,
मध्ये आम्ही, एका हाकेच्या रुंदीवर.
चर्च वाळूवर, देऊळ वाळूवर, दफनभूमीसुद्धा.
माझ्या सासऱ्यांचा क्रूस दर उधाणाला थोडा कलतो,
नवरा दर नाताळला तो सरळ करतो.

एकोणतीस वर्षं हा धडा शिकवते आहे.
स्वतःच्या पायाखाली कधी बघितलं नव्हतं.

जोविटला सांगितलं. मुलगा पुण्यात असतो,
पाण्यावर संशोधन करतो, मिस्साला येत नाही,
पण मला स्कूटरने सोडतो आणि सुरूखाली थांबून राहतो.
म्हणाला, ममा, ती गोष्ट कोरड्या डोंगराळ मुलुखातली.
तिथले ओढे उन्हाळ्यात वाळू असतात, पावसात नदी.
सांगणाऱ्याने समोर दिसलं ते सांगितलं.
तुझ्या पुस्तकाला किनारा ठाऊक नाही.
नाही कसा, मी म्हटलं, निम्मे शिष्य मासे मारणारे.
ते तळ्यावरचे, ममा.
हे मात्र खरं.

आणि खडक आलाच की आपल्याकडे, तो म्हणाला,
बारा चाकी ट्रकांतून, टेंडर निघून, नारळ फुटून.
दोन पावसाळ्यांत बंधारा खाली बसला.
खडकाच्या खालीही वाळूच.

रात्री झोप लागेना.
लूककडे हीच गोष्ट जराशी वेगळी आहे:
तिथला माणूस आधी खोल खणतो.
मुलांना घरी जायची घाई, म्हणून
तेवढं वाक्य मी कायम गाळत आले.
खोल.
आमच्याकडे खोल खणलं तर काय लागतं?
चार हातांवर पाणी लागतं.
दोन्हीकडे खारट, आणि मध्ये
गोडं.

सकाळी विहिरीवर जोविट,
पेनासारखं यंत्र बादलीत बुडवून आकडा लिहीत होता.
पावसाचं पाणी हलकं, म्हणाला, ते खाऱ्यावर तरंगतं,
भिंगासारखं. वाळू त्याला धरून ठेवते.
खडक असता तर वाहून गेलं असतं.
मी म्हटलं, परत सांग.
त्याने परत सांगितलं, हळू,
म्हाताऱ्या माणसाला गोळ्यांच्या वेळा समजावाव्यात तसं.
त्यातला एक शब्दही मला खोटा वाटला नाही,
आणि बादली उचलताना हात सवयीने
कपाळाकडून छातीकडे, एका खांद्याकडून दुसऱ्याकडे गेला.
तो बघत होता. या खेपेला काही बोलला नाही.

मग आकडा सांगितला. गेल्या मे महिन्यापेक्षा जास्त.
हॉटेलांचे पंप रात्रभर ओढतात,
वरचं संपत जातं तसं खालचं खारं वर येतं.
आमच्याही दोन खोल्या आहेत पर्यटकांना,
आमचाही पंप आहे. त्याने तो मोजला होता, नाव न घेता.
किती वर्षं? मी विचारलं.
ते यंत्रात येत नाही. ते तुमच्यावर आहे.
तुमच्यावर. मी ऐकलं. त्यानेही ऐकलं असावं,
कारण पेन पुसून खिशात ठेवताना
पुटपुटला, आपल्यावर.

रविवार परवा आहे.
दरवर्षी फळ्यावर दोन घरं काढते, एक उभं, एक आडवं.
यंदा खडू नेणार नाही. करवंट्या नेईन अकरा,
आणि मुलांना माडाखाली बसवून खणायला लावीन.
आन्सेल्मा पुन्हा विचारणारच, तिचा स्वभाव तो.
फादरांना आवडो न आवडो, उत्तर माझ्याकडे एवढंच आहे:
ता अजून ठरूचा आसा, बाय.
खण.