ब्रश पुसायची चिंधी

मंगळवारी संध्याकाळी सहाला
नदीकाठच्या बंद पडलेल्या कारखान्यात,
जिथं माझी आई डब्यांत सॅमन भरायची,
तिथं आता लांब टेबलं मांडून
लेम्पी कोस्केला आम्हाला कापड रंगवायला शिकवते.
वास गेलेला नाही.
हवा दमट झाली की भिंतींना मासळी आठवते.

चाळीस वर्षं मी गोधड्या शिवल्या.
चौकोन, त्रिकोण, आठ टोकांचा तारा,
शिवण पाव इंच,
केसभर इकडं नाही की तिकडं.
चुकलं की उसवायचं.
काउंटीच्या जत्रेत तीनदा निळी फीत मिळाली,
ती शिवण्याची नव्हे, उसवण्याची,
असं माझा नवरा म्हणतो.

लेम्पी म्हणाली, आधी कापड धू.
दुकानातून येतं ते पोटभर खळ पिऊन येतं,
त्याला रंगाची तहान नसते.
धुतलं, पिळलं,
ओलंच टेबलावर ताणून कडांना चिकटपट्टी लावली
आणि निळ्याचा पहिला थेंब सोडला.

तो थांबेना.
मी पेन्सिलनं आखलेल्या रेषेपाशी आला,
क्षणभर बघितल्यासारखं केलं
आणि ओलांडून गेला.

"रंगानं कुठं जायचं ते सांगत बसू नकोस,"
लेम्पी म्हणाली,
"कुठं ओलं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात."

शेजारी टौनो रिंटाला.
चोवीस वर्षांचा, खेकडे धरणारा,
हंगाम लांबला म्हणून आलेला,
तळहातावर दोराचे जुने वळ.
त्यानं ओल्या रंगावर मीठ भुरभुरलं
आणि हाताची घडी घालून बसून राहिला.
सुकल्यावर झटकलं,
तर खाली ओहोटीचा चिखल,
त्यावर नुकतीच पाखरं चालून गेलेली.
"कसं केलंस?"
"मी कुठं काय केलं? बसलो होतो."
त्या रात्री मी घरी
मिठाचा अख्खा डबा संपवला. पाखरू फिरकलं नाही.

मला एवढंच हवं होतं:
धुक्यातला पूल,
अलीकडचा अर्धा लोखंडी,
पलीकडचा अर्धा ऐकीव.
पहिल्या कापडावर पूल बुडाला.
दुसऱ्यावर धुकं दुधासारखं उतू गेलं.
तिसऱ्यावर मी हट्टानं रंग थापला इतका
की वाळल्यावर कापड
पुठ्ठ्यासारखं भिंतीला टेकून उभं राहिलं,
त्यात सुई शिरेना.

शेवटच्या मंगळवारी लेम्पी टेबलांमधून हिंडली.
माझ्या चौथ्या पुलापाशी थांबली,
डॉक्टर हलवतात तशी मान हलवली,
मग वाकून माझ्या बादलीशेजारचं
चिंधूक उचललं.
जुन्या चादरीचा तुकडा.
सहा आठवडे मी त्याला ब्रश पुसले होते,
न बघता.

तिनं ते खिडकीच्या काचेला धरलं.

राखाडीत राखाडी विरत गेलेला,
मध्ये कुठं गंजाचा एक तिरका फराटा,
खाली पाणी असावं असं काहीतरी.
टौनो म्हणाला, "अरे, पहाटे चारला बार ओलांडताना
अगदी असंच असतं."

राग आला मला. खरंच आला.
ज्याच्यावर जीव टाकला ते पुठ्ठा,
आणि हे?

तरी घरी नेलं.
इस्त्री फिरवून रंग पक्का केला,
मध्ये कापूस, खाली अस्तर,
आणि मशीनखाली घातलं.
तेव्हा कळलं ते लेम्पीनं सांगितलं नव्हतं:
रंगवलेल्या कापडाला सुईचं भोक बुजत नाही.
उसवलं तर टाका जातो,
भोक तिथंच, उजेडात, सगळ्यांना दिसणारं.
पहिल्याच रांगेत हात घसरला.
उसवायची सुई हातात घेतली,
थोडा वेळ धरून बसले,
खणात ठेवून दिली.

आता ती नदीकाठच्या वाचनालयात टांगली आहे.
लोक विचारतात, ठरवून केलंत का हो?
मी खोकते.

पुढचा वर्ग सुरू झालाय.
चादरीचा दुसरा तुकडा फाडून घेतलाय,
बादलीशेजारी ठेवलाय, मुद्दाम दुर्लक्ष करून.
पण ब्रश पुसताना हात जरा अडतो,
हिरवा इथं नको, तिथं बरा दिसेल...

आणि चिंधीला ते कळतं.
दोन आठवडे झाले,
ती नुसती मळतेय.