कलम सोळा ठेवायला जागा

गुरांचा दवाखाना रोडवरच्या नव्या इमारतीत गेला
आणि जुन्या खोलीत पंचायतीनं अभ्यासिका मांडली.
सहा खुर्च्या, दोन ट्यूबलाइट, फिनाइलचा न जाणारा वास,
आणि भिंतीवर राहूनच गेलेला तक्ता:
गायीची चार पोटं, चार रंगांत.
पहिलं वर्ष मी त्या पोटांसमोर
चौदा-चौदा तास बसून काढलं.
खाल्लं पुष्कळ.
रवंथ केला नाही.

पूर्व दीड गुणानं गेली.
आई रोवणीवरून आली, बोडीवर पाय धुऊनच आली होती,
तरी परत धुतले, मग विचारलं,
"दीड म्हंजे किती वो?"
म्हटलं, तीन प्रश्नांचे गोल अंदाजानं काळे केले, त्याचा दंड.
"मंग नाही येत तिथं हात कावून घातलास?"
एवढं बोलून ती चुलीकडे वळली.

मी तासांचा तक्ता काढून टाकला.
दोनशे पानांची एक वही चुकांसाठी केली;
प्रश्न नाही लिहायचा, आपण का फसलो तेवढंच.
पानंच्या पानं एकाच वाक्याची निघाली:
*पूर्ण वाचलं नाही. पूर्ण वाचलं नाही.*

पुस्तकं तीनच ठेवली, बाकीची लोमेशला दिली.
लोमेश पुस्तकं जमवतो, दुसरे लोक टोप्या जमवतात तशी.

आणि पहाटे चालताना
कलमं गावात ठेवायला लागले.
एकवीस-क शाळेच्या गंजक्या घंटेवर.
चाळीस पंचायतीच्या कुलपावर, ते सहसा बंदच असतं
म्हणून लक्षात राहतं.
एकोणचाळीस-घ आमच्या बांधीच्या धुऱ्यावर,
जिथं पऱ्हे खणणाऱ्या गड्याला चारशे
आणि वाकून रोवणाऱ्या आईला अडीचशे.
ते कलम पाठ करावं लागलं नाही.

सतरा मी विहिरीवर ठेवलं होतं.
आम्रपाली आणि मी संध्याकाळी एकमेकींना विचारायचो,
पुस्तक मिटून, दवाखान्याच्या पायरीवर.
"सतरा कुठं ठेवलंस?"
"विहिरीवर."
"कोणत्या?"

तिनं सहज विचारलं होतं. शेंगदाणे सोलत होती.
गावात विहिरी दोन आहेत
हे मला जन्मापासून माहीत होतं.
मी तिच्याकडे न बघता म्हणाले, आमच्या.
ती म्हणाली, "हं. बरोबर आहे. तिथंच पाहिजे ते."
आणि पुढचा प्रश्न विचारला, राज्यपालांचा.
त्या रात्री वहीत लिहिलं:
*पूर्ण वाचलं नाही.*

डेकाटे काका साडेनऊला कुलूप घ्यायला येतात.
तीस वर्षं याच खोलीत त्यांनी बैलांचे पाय बांधले,
अजून आत येताना आपसूक हळू येतात,
जनावर बुजू नये तसे.
"झाला का अभ्यास?"
झाला म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर ते ताटकळतात.
परवा मीच त्यांना विचारलं,
काका, गाय रवंथ कधी करते?
"बसली की. भेव नसलं की.
पाठीमागं कोणी लागलं असलं तं
तिले गवत गिळताबी येत नाही."

आता रोज पाच तास. मोजून नाही, अंदाजे.
दुपारी झोपते. लाजत नाही.
पेपर सोडवते घड्याळ लावून, आणि नाही येत तिथं
हात घालत नाही.

फक्त सोळाला अजून जागा मिळाली नाही:
सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी.
शाळेत ठेवून पाहिलं, पंचायतीत, बसथांब्यावर,
बँकेच्या रांगेत, पोलीसपाटलाच्या ओट्यावरसुद्धा.
कुठंच टिकत नाही, दुसऱ्या दिवशी जागेवर नसतं.
आम्रपालीला विचारलं, तू कुठं ठेवलंस?
म्हणाली, "मी ते ठेवतच नाही.
हातात धरून बसते."

काका किल्ल्या वाजवतात.
आम्ही दोघी उठतो,
ट्यूबलाइट विझते आधी माझ्याकडची, मग तिच्याकडची.
गायीची चार पोटं अंधारात जातात.
रस्त्यावर ती डावीकडे वळते, मी उजवीकडे.
वळताना ती ओरडते,
"दोनशे त्रेचाळीस-घ?"
मी उत्तर देते. बरोबर असतं.