विशी

या कापडाला इथे विशी म्हणतात.
गावाचं नाव आहे ते, नदीकाठच्या, औषधी पाण्याच्या गावाचं;
माझ्या कानाला मात्र दरवेळी वयच ऐकू येतं.
युगेतबाईंनी ऐंशी ओलांडलेली
आणि स्वयंपाकघरात जिकडेतिकडे विशी:
मोरीखालच्या पडद्याला, पावाच्या टोपलीत,
मुरंब्याच्या बाटल्यांना सुतळीने बांधलेल्या टोपड्यांत.
(मुरंबा मिराबेलचा. दर सप्टेंबरला एक बाटली मला,
रिकामी परत करायच्या अटीवर.
टोपडंसुद्धा.)

मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टेबलापाशी बसवलं.
"यातला गुलाबी दोरा दाखव," म्हणाल्या.
मी चष्मा लावला, नाक कापडाला टेकवलं.
लाल होता. पांढरा होता.
उभा लाल आडव्या पांढऱ्याला जिथे भेटतो
तिथे गुलाबी दिसतो, एवढंच;
दोरा म्हणून तो नाहीच, कोणत्याच रिळावर.
"लग्नही असंच," त्या म्हणाल्या,
मग स्वतःच हसल्या, "छे, काहीतरीच."

आणि डाग होता. साडेचार घरं व्यापून.
चौदा जुलैची रात्र, साल त्यांना आठवत नाही,
झिल्बेर मेव्हण्याशी भांडत होता
अंगणातलं अक्रोडाचं झाड ठेवावं की पाडावं यावरून,
आणि त्याने हात असा केला,
पेला आडवा.
मीठ टाकलं. दूध चोळलं.
तीन उन्हाळे गवतावर पसरून ठेवलं.
डाग जांभळ्याचा करडा झाला, पुढे हलेना.
झाड पाडलं. मेव्हणा बोलेनासा झाला.
पुढे कितीतरी वर्षं डागावर झिल्बेरचीच ताटली असे,
त्यामुळे तो गेला तेव्हा
डाग पहिल्यांदा उघडा पडला.

मे महिन्यात चौकात जुन्या सामानाचा बाजार भरतो.
त्या सकाळी टेबलावरचं कापड घडी घालून
त्यांनी काखेत मारलं.
मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर त्यांनी फक्त किंमत सांगितली असती.

सात युरो.
कापुसीन नावाची मुलगी, बेकरीत कामाला, भुवयांवर पीठ,
कापड उन्हासमोर धरून उभी राहिली.
"डाग आहे," युगेतबाईंनी आधीच दरडावलं.
"दिसतोय," मुलगी म्हणाली,
आणि घासाघीस न करता नाणी मोजली.
याचा बाईंना राग आला.
तो त्यांना दिवसभर पुरला.

मग उघडं टेबल. सुरीचे ओरखडे,
एका कोपऱ्यात कुणा पोराने कोरलेली होडी.
आम्ही त्यावर कॉफी प्यायलो
आणि दोघींनीही कप जपून ठेवले, आवाज होऊ नये म्हणून.

जूनमधला रविवार. खिडकीत आम्ही मटार सोलत होतो.
कापुसीन सायकलवरून उतार उतरत आली,
कमरेला घट्ट, खाली घेरदार,
अख्खं टेबल वाऱ्यावर.
डाग तिने कापून टाकला नव्हता.
घेराच्या काठाशी, डाव्या गुडघ्याजवळ,
कोपऱ्यातलं माणूस पुढे बसवावं तसा ठेवला होता.

युगेतबाई उठून उभ्या राहिल्या. मांडीवरच्या शेंगा खाली.
"झिल्बेर," म्हणाल्या. हाक मारल्यासारखं नाही,
ओळखीचं कुणी रस्त्याने जाताना दिसलं
तर आपण शेजारच्याला सांगतो, तसं.

सायकल चर्चच्या कोपऱ्याला वळली.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग एकदम:
"बाजूच्या शिवणीला घरं जुळलेली नाहीत. पाहिलंस?
लाल पांढऱ्यावर चढलंय. आमच्या वेळी असलं..."
वाक्य तिथेच टाकून त्यांनी फडताळातून
दातेरी कात्री काढली, सुयांचा डबा काढला,
आणि मला खाली पिटाळलं:
"बेकरीत जा. संध्याकाळी ये म्हणावं तिला.
उसवून, नीट करून देते.
पैसे घेणार नाही, हेही सांग.
नाहीतर ती मोजायला लागेल."

मटार त्या दिवशी अर्धेच सोलून झाले,
जेवायला तीन वाजले.