हातचा

तार्तूत, गणित विभागाच्या तळघरात,
कॉफीच्या यंत्राशेजारी, जिथे भिंतीला ओल धरते,
दर शुक्रवारी एक चित्रपट्टी चिकटलेली असायची.
चित्रं वर्तमानपत्रातली, आमच्या आयांनीही वाचलेली:
मफलरवालं अस्वल आणि चिडकं साळिंदर.
फुग्यांतलं मूळ बोलणं पांढऱ्या शाईखाली गाडलेलं,
आणि त्यावर आइमार वेस्कचं तिरकं अक्षर.

अस्वल: बाकी काय म्हणतोस?
साळिंदर: बाकी नाही. निःशेष भाग गेला.

अस्वल, रिकामी ताटली पुढे करत: एवढ्यानं भागेल?
साळिंदर: शून्यानं? आजवर कुणाचंच भागलं नाही.

जानेवारीत नदी गोठली
तेव्हा साळिंदर एका कंसात जाऊन बसलं,
दोन वाकड्या भिंती, मधे ते.
अस्वल बाहेरून: चल.
साळिंदर: मी अचल.
आणि बाहेर उणे वीस आहे. कंस उघडलास
तर माझं चिन्ह बदलेल.

मार्यू एवढी हसली की तिची कॉफी
माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर सांडली.
(नुकसान नाही. ते प्रमेय तसंही चुकलं होतं.)

मग मार्चमध्ये एका सकाळी
विल्यांदीच्या बसमधून हेल्वे कूसिक उतरल्या.
त्र्याऐंशी वर्षं, लोकरी टोपी, काठी.
अस्वल त्यांचं. साळिंदर त्यांचं.
कुणीतरी त्यांना कळवलं होतं.

आइमार झेरॉक्सच्या मशीनमागे उभा,
पुसायला जागा नसलेल्या माणसासारखा.
बाईंनी चष्मा बदलला. वाचत राहिल्या.
हसल्या नाहीत.
नखानं काटे मोजत पुटपुटल्या,
'यातला एकही काटकोनात नाही, मुद्दाम.'
मग कंसापाशी बोट थांबलं.
पांढऱ्या शाईनं फुग्याबरोबर
साळिंदराचा पुढचा पंजाही पुसला होता.
आम्हा सतरा गणितज्ञांच्या लक्षात आलं नव्हतं.

'हिशोब बरोबर आहे,' त्या म्हणाल्या,
'हातचा राहिला.'

पिशवीतून पेन्सिल काढून, उभ्याउभ्या
त्यांनी तीन रेषा ओढल्या:
कंस आतून घट्ट धरून ठेवणारा
एक छोटा हात.
मग विचारलं, परतीची बस किती वाजता.

त्या शुक्रवारी पट्टी लागली नाही.
सोमवारी आइमार जिन्यात मध्येच थांबला
आणि एकटाच मोठ्यानं हसला.
त्याला तेव्हा कळलं.