जुळणी

गोचानं थेस्सालोनिकीहून आईला घड्याळ पाठवलं.
कुताइसीच्या बाजारात माझ्या टपरीवर
त्या ते चीजच्या पिशवीतून घेऊन आल्या,
सोबत त्यांचा फोन: कोपरा फुटलेला,
पाठ रबरबँडनं आवळलेली.

दोघांना काउंटरवर शेजारी ठेवलं.
घड्याळ म्हणालं, फोन जवळ आणा.
आणला.
अजून जवळ आणा.
आता काय, मांडीवर बसवू?
गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग: हा फोन चालणार नाही.
फोनला अपडेट शोधायला लावलं,
तर तो म्हणे, मी अद्ययावत आहे.
शेवटचा अपडेट सहा वर्षांपूर्वीचा,
आणि केवढा तोरा!
तीन आणि सहा, पाठीला पाठ.

“नवा फोन घ्या, त्सिआलाबाई.”
“याला काय झालंय? वाजतो की.”

शेवटी घड्याळ माझ्याच फोनला जोडलं,
खातं गोचाचं.
तेव्हापासून त्या रोज पाचला येतात,
मनगट काउंटरवर ठेवतात
काट्यावर भाजी ठेवावी तसं.
दिवसभराची पावलं सावकाश उतरतात.
तोवर आम्ही गप्प,
कधी त्या खिशातला अक्रोड फोडतात, अर्धा मला.

काल गोचाचा निरोप:
आई हल्ली छान चालते!
दोन हजार एकशे चाळीस!

त्यांच्या दारापासून टपरीपर्यंत हजार.
परत हजार.
घरात, अख्ख्या दिवसात, एकशे चाळीस.
हे मी त्याला कळवलं नाही.

माझा फोन दोन दिवस विचारतोय,
नवा अपडेट आलाय, घेऊ का?
नंतर, म्हणतो मी.
नंतर.